पूर्ण जोरावर पंधरा मिनिटं

इंजिन अडखळलं की पहिला आळ कार्बुरेटरवर येतो. बिचारा समोर, हाताला लागेल असा बसलेला असतो म्हणून. क्लबच्या हँगरमध्ये सहा वर्षं मी छोट्या विमानांची इंजिनं दुरुस्त केली. त्या सहा वर्षांत निदान शंभर जणांनी मला येऊन सांगितलं असेल, "कार्बुरेटर गेलाय बघा." त्यातल्या सत्तर जणांचं दुसरंच काहीतरी असायचं.

बाबाही तेच म्हणाले. बाबा म्हणजे माझे सासरे. बुधवारी दुपारी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. माझ्या एका हातावर माझी पाच महिन्यांची ठकी होती आणि दुसऱ्या हाताने मी उकळत्या पाण्यातून बाटल्या काढत होते.

"जरा मोकळी आहेस का?"

मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

"नाही, म्हणजे मोकळी झालीस की. थ्रॉटल एकदम पुढे रेटून जोर वाढवला की अडखळतंय. कार्बुरेटरच असणार. शनिवारी शिक्केवाले येतायत, म्हणून म्हटलं."

शिक्केवाले हे बाबांनी तपासनीस साहेबांना ठेवलेलं नाव. घराच्या मागच्या शेडमध्ये बाबा नऊ वर्षं एक विमान बांधत होते. एका माणसाचं, लाकडी सांगाड्याचं, वरून कापड ताणून रंगवलेलं. जन्मभर लेथवर काम केलेला माणूस. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, यांनी हे काढलं. आता शनिवारी तपासनीस कागद बघणार, इंजिन चालवून बघणार आणि पहिल्या उड्डाणाची परवानगी देणार. ती बाबांना याच महिन्यात हवी होती, कारण त्यांचा वैद्यकीय दाखला महिनाअखेर संपत होता. मागच्या खेपेला डोळ्यांच्या डॉक्टरांनी सही करतानाच सांगितलं होतं, "काका, पुढच्या वेळी माझ्याकडे येऊ नका, मला नाही म्हणायला लावू नका." महिना संपायला दहा दिवस होते. त्या दहा दिवसांत बाबा उडाले तर उडाले. नाहीतर विमान दुसरंच कुणीतरी उडवणार आणि बाबा खाली उभे राहून बघणार.

कागदांत एक सही माझी लागत होती. इंजिन तपासलं, ठीक आहे, अशी. बाळंतपणाच्या रजेवर असले तरी माझा परवाना चालू होता.

"ठकी झोपली की येते," मी म्हटलं.

ठकी सव्वाएकला झोपली. रात्री चार वेळा उठलेली, सकाळपासून किरकिरणारी पोर अखेर माझ्या खांद्यावर जड झाली. तिला पाळण्यात ठेवून मी हात काढून घेतला, श्वास रोखून दारापर्यंत आले आणि मग चपला हातात घेऊन मागच्या अंगणात गेले. चपला हातात घेऊन चालण्यात मी आता तरबेज झालेय. चोरांना शिकवणी देऊ शकेन.

शेडमध्ये बाबांनी सगळं मांडून ठेवलं होतं. स्वच्छ फडकं, त्यावर पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत. माझ्यासाठी एक उशी घातलेलं स्टूल. माझी पाठ अजून दुखते, हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

इंजिनाला दोन कार्बुरेटर. मी दोन्हींच्या खालच्या वाट्या उतरवल्या. पेट्रोल स्वच्छ, तळाशी ना पाणी ना गाळ. आतले तरंगते फ्लोट हातात घेऊन हलवले, तेही ठीक. पेट्रोल सोडणारे जेट काढून उजेडाकडे धरले, भोकं मोकळी. चोकची तार पूर्ण मागे जात होती. बाबा शेजारी उभे राहून एकेक वस्तू माझ्या हातात देत होते, मागायच्या आधी.

"कार्बुरेटर निर्दोष आहे," मी म्हटलं. "सुटला बिचारा."

"मग?"

"प्लग बघू."

पहिला प्लग काढला. दुसरा काढला. मग उरलेले. सगळे काळे. ओल्या तव्याच्या बुडासारखी मऊ काजळी, बोटाला लागणारी. हे मला वाचता येतं. जे इंजिन नुसतं मंद वेगावर चालतं, त्याच्या प्लगवर अशी काजळी बसते. जोरात चाललं की ती जळून जाते आणि प्लग बिस्किटासारखे तपकिरी निघतात.

फळीवर नोंदवही होती. इंजिन बसवल्यावर पूर्ण जोरावर वीस फेऱ्या कराव्या लागतात, पंधरा मिनिटांची एक, दिवसाला एकच, मग इंजिन पूर्ण थंड करून तपासायचं. बाबांचं अक्षर सुंदर आहे. वीस ओळी, वीस तारखा, प्रत्येकीपुढे लिहिलेलं, 'पूर्ण जोर, १५ मिनिटे, ठीक.' शेवटची ओळ आदल्या दिवशीची.

"बाबा," मी म्हटलं, "हे इंजिन कधी पूर्ण जोरावर चाललंय का?"

ते फडक्याने हात पुसत राहिले. हात स्वच्छच होते.

"एकदा चाललंय. पहिल्याच दिवशी. तू नुकती दवाखान्यातून आली होतीस. मी अर्ध्यापर्यंत थ्रॉटल नेला असेल नसेल, पोर असली दचकली. तू खिडकीत आलीस. काही बोलली नाहीस, नुसती उभी होतीस तिला घेऊन." त्यांनी फडकं घडी करून ठेवलं. "तुझं तोंड बघितलं आणि मला पुढे हात रेटवेना. मग आठवड्यातून एकदा चालवायचो, पण हळू. म्हटलं, पोर मोठी झाली की करू जोरात. ती काही मोठी होईना आणि तारीख आली."

"आणि वहीत?"

"वहीत लिहिलं."

मला राग यायला हवा होता. पण मी त्या उशीवर बसून राहिले. कारण पाच महिने मीही ऐकत होतेच की. आठवड्यातून एखाद्या दुपारी मागून तो बारीक, एकसारखा घुर्र आवाज यायचा आणि अर्धवट झोपेत मला वाटायचं, किती गोड चालतंय. सहा वर्षांची मेकॅनिक मी. पूर्ण जोरावरचं इंजिन कसं ओरडतं, खिडकीच्या काचा कशा थरथरतात, मला ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. मला झोप हवी होती, म्हणून मी विचारलं नाही.

नवे प्लग घातले. चालू करून मी थ्रॉटल दोनदा झटक्यात पुढे नेला, लगेच मागे घेतला. अडखळणं गेलं होतं.

"झालं की," बाबा म्हणाले. मग घाबरत घाबरत, "मग करशील सही?"

हे लिहिताना लाज वाटते, पण मी हिशोब केला. खऱ्या वीस फेऱ्या म्हणजे वीस दिवस. दाखल्याचे दहा. मी इतकी थकले होते की बरोबर आणि चूक हे दोन्ही शब्द सारख्याच वजनाचे वाटत होते. मी म्हटलं, "आत्ता एक फेरी करू. पूर्ण जोरावर, पंधरा मिनिटं. ती नीट झाली तर मी वीसच्या वीस धरून चालते."

"पण ठकी—"

"ठकीला आई नेतील फिरायला."

सासूबाईंना उठवायला गेले, तर त्या जाग्याच होत्या. पाळण्याशी बसून माशा वारत होत्या. झोपलेलं पोर उचलायचं म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ते विमान बांधलंय.

"मागच्या जन्मी पक्षी होतो म्हणतात तुझे सासरे," त्या ठकीला बाबागाडीत ठेवताना कुजबुजल्या. "कोंबडी असणार. नऊ वर्षं झाली, अजून अंगणातच आहेत."

गाडीची चाकं फाटकाबाहेर कुरकुरत गेली. आम्ही विमान शेडबाहेर ढकललं, चाकांना ओंडके लावले आणि शेपूट दोराने खांबाला बांधलं. बाबा आत बसले. मी बाजूला, पंख्यापासून लांब, घड्याळ घेऊन.

त्यांनी थ्रॉटल पुढे नेला, आणि या वेळी नेतच राहिले.

तो आवाज मी विसरले होते. पोटातून वर येतो. अंगणातली धूळ उडाली, वाळत घातलेली दुपटी तारेवर आडवी झाली. विमान दोराला हिसके देत होतं. दोन मिनिटं, चार मिनिटं. तेलाचा दाब ठीक, उष्णता ठीक. सहाव्या मिनिटाला बाबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. त्यांना हसू आवरत नव्हतं. आठवं मिनिट. मी मनात सहीसुद्धा करून टाकली होती.

नवव्या मिनिटाला आवाज एकदा खोल गेला, परत आला, पुन्हा खोल गेला, आणि इंजिन बंद पडलं. पंखा दोन-तीन फेरे फिरून थांबला. एवढ्या शांततेत दुपट्याचा एक चिमटा खाली पडल्याचा आवाज ऐकू आला.

बाबा आतच बसून होते. मी जवळ गेले. "नवव्या मिनिटाला कुठे असता तुम्ही?"

"झाडांच्या वर," ते म्हणाले. "तळ्याच्या अलीकडे." मग स्वतःहून, "उतरायला जागा नाही तिथे."

ते काही मी विचारलं नव्हतं.

मी टाकीचं झाकण फिरवलं. सुस्स करून हवा आत गेली, बराच वेळ जात राहिली. आता शोधायला फारसं काही उरलं नव्हतं. टाकीतून पेट्रोल बाहेर पडतं तेवढी हवा आत यावी लागते, त्यासाठी एक बारीक नळी असते. ती नळी विमानाच्या पोटाखाली उघडते, तोंडावर किड्यांसाठी जाळी. नळी बंद असेल तर टाकी पेट्रोल सोडायचं थांबवते. मंद वेगावर पेट्रोल इतकं कमी लागतं की झाकणाच्या फटीतून येणारी हवा पुरते. पूर्ण जोरावर पुरत नाही.

मी जमिनीवर पाठ टेकून पोटाखाली सरकले. जाळी होती. तिच्यावर निळा रंग होता, जाड, गुळगुळीत, भोकाभोकांत भरलेला. मी नखाने खरवडला, तर तुकडे निघाले.

"पोटाला रंग कुणी दिला?" मी खालूनच विचारलं.

उत्तर फाटकाकडून आलं. सासूबाई परतल्या होत्या. ठकी त्यांच्या खांद्यावर रडत होती. सिनेमात असतं तर पोर त्या घरघरीत शांत झोपली असती. आमची दोन गल्ल्या पलीकडूनही जागी झाली.

"मी दिला," त्या म्हणाल्या. "यांनी एकच हात दिला होता, फिका दिसत होता. म्हटलं, एवढं नऊ वर्षं केलंय तर खालूनसुद्धा चांगलं दिसू दे, वर गेल्यावर लोकांना तेवढंच दिसणार. दुसरा हात मी दिला. चटईवर पडून. का, काय झालं?"

मी बाहेर सरकून बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"काही नाही," बाबा म्हणाले. "एका ठिकाणी जरा जास्त बसलाय. रंग फार छान झालाय, अगं."

पण त्यांच्याबरोबर एकेचाळीस वर्षं काढलेली बाई ती. माझ्या नखांत अडकलेले निळे तुकडे, बंद पडलेला पंखा, सगळं एकदा पाहून घेतलं तिने.  ठकीला थोपटायचा हात थांबला.

मी टाचणीने एकेक भोक मोकळं केलं आणि नळीत फुंकर मारली. हवा टाकीत गेली. मग इंजिन थंड होईपर्यंत ठकीला पाजलं, शेडच्या सावलीत, त्याच स्टुलावर बसून. संध्याकाळी पुन्हा विमान खांबाला बांधलं, पुन्हा पूर्ण जोर. नऊ, दहा, बारा. ठकी आतल्या खोलीत बेंबीच्या देठापासून ओरडत होती. बाबांचा हात थ्रॉटलवर दोनदा हलला, पण मागे आला नाही. पंधराव्या मिनिटाला मी हात वर केला.

बाबा खाली उतरले, गुडघे धरून. आता दोष सापडला होता, दुरुस्त झाला होता. मी पेन खिशात घेऊन आले होते, ते काढलंही.

"थांब," बाबा म्हणाले. फळीवरून वही आणली. पट्टी घेतली. लेथवर माप घ्यायचे तशी पट्टी ठेवून वीसही ओळींवर एकेक सरळ रेघ मारली. घाई नाही.

"एक निघाला," ते म्हणाले. "नऊ मिनिटं चालवलं तर एक निघाला. अजून आत काय काय आहे, मला काय माहीत. तुला तरी काय माहीत."

"नाही माहीत," मी म्हटलं.

"मग सही कशावर करणार तू?"

फोन त्यांनीच लावला. मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं. "शनिवारी नका येऊ साहेब. नाही, बिघाड नाही, फेऱ्या राहिल्यात. हो, वहीत होत्या. चुकीच्या होत्या. माझ्याच." मग बराच वेळ नुसतं हं, हं. "पुढच्या महिन्याच्या शेवटी? चालेल. दाखला? तो संपेल तोवर." आणि शेवटी, "उडवेल की कोणीतरी. बघू."

फोन ठेवून ते वहीपाशी बसले. नवं पान काढलं, तारीख घातली. पेन तसंच धरून म्हणाले, "आजची धरायची का?"

"दोन्ही लिहा. पहिली नऊ मिनिटांत बंद पडली ती बंद पडली म्हणून, कारणासकट. दुसरी धरा."

त्यांनी लिहिलं. कारणापुढे 'हवेच्या नळीची जाळी बुजलेली' एवढंच. कशाने, ते नाही लिहिलं. मीही लिहा म्हटलं नाही.

"म्हणजे एकोणीस राहिल्या," बाबा म्हणाले.

सासूबाईंनी ठकीला माझ्याकडे दिलं. रडून रडून तिला उचक्या लागल्या होत्या, मान घामाने ओली. मी तिला छातीशी धरून भिंतीला टेकले आणि माझे डोळे आपोआप मिटले.

"उद्या किती वाजता करायची?" बाबांनी विचारलं.

"उठवा मला," मी म्हटलं. "कधीही उठवा."