मागच्या रांगेतले डबे

एल्डन पुर्डीची बायको डोरीन ऑक्टोबरात वारली. फेब्रुवारीत त्याने आयुष्यातलं पहिलं सवलतीचं कुपन कापलं. रविवारच्या पेपराच्या पुरवणीतलं, मस्टर्ड सॉसचं. कात्री डोरीनचीच होती, पण तिच्या हातात ती सरळ चालायची आणि याच्या हातात कागद दुमडायचा. कुपन घेऊन तो त्याच दुपारी दुकानात गेला, दोन बाटल्या घेऊन आला आणि आपण आज घरासाठी काहीतरी केलं असं त्याला वाटलं.

समोरच्या घरातल्या ग्लेंडाला त्याने हे सांगितलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला.

"अरे, कुपन हातात आलं म्हणून कोणी त्याच दिवशी पळत सुटतं का? दुकानवाला तुझ्यासारख्यांचीच तर वाट बघत असतो. ते ठेवून द्यायचं. वस्तू सेलमध्ये आली की मग काढायचं, म्हणजे सेलची सूट वेगळी आणि कुपनाची वेगळी. डोरीन तुला कधी काही बोललीच नाही?"

डोरीन बोललीही असेल. रविवारी चर्चहून आल्यावर ती आणि ग्लेंडा स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुरवण्या पसरून बसायच्या. तुला मांजराच्या खाण्याचं घे, मला कॉफीचं दे, असा त्यांचा सौदा चालायचा. एल्डन पलीकडच्या खोलीत मॅच लावून बसायचा. घरात साबण, सूप, पाव, सगळं असायचं. ते कसं येतं हे विचारायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

आता आली होती, आणि ती जनेलच्या फोनमुळे. जनेल थोरली मुलगी, कोलंबस शहरात नर्स. धाकटी टेसी दहावीत, घरी त्याच्याजवळ. जनेलने फोनवर आधी त्याच्या पाठदुखीची चौकशी केली, रस्त्यावर बर्फ किती आहे ते विचारलं. एल्डन काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्ते खात्यात होता, बर्फ ढकलायची गाडी चालवायचा, त्यामुळे बर्फाबद्दल तो बरंच बोलू शकायचा. मग ती म्हणाली की टेसीशी तिचं बोलणं झालं. टेसी म्हणते, घरात खायला काही नसतं.

"बाबा, मी तुम्हाला दोष देत नाहीये," जनेल म्हणाली. "पण मे महिन्यात शाळा संपली की मी तिला घेऊन जाते. शेवटची दोन वर्षं ती इथल्या शाळेत जाईल. तुम्हालाही जरा मोकळं होईल."

तो फक्त "बरं" म्हणाला. फोन ठेवून तो तळघरात उतरला आणि दिवा लावून उभा राहिला. तिन्ही भिंतींना त्याने स्वतः ठोकलेल्या फळ्या होत्या, आणि त्या डोरीनने भरलेल्या होत्या. सूप, मटार, पीच, मॅकरोनीची खोकी, टूथपेस्ट. यातलं थोडंच कमी झालं होतं. खायला काही नाही म्हणजे काय, हे त्याला कळेना. टेसीला विचारणं सोपं होतं, पण ती वर आपल्या खोलीत होती आणि तिचं दार बंद होतं. त्याने स्वतःच अर्थ लावला: पोरीला जुनं नको असेल, नवं हवं असेल. मग नवं आणू. इतकं आणू की जनेलला बोलायला जागा राहू नये. एवढ्याच एका कारणासाठी तो दुसऱ्या दिवशी ग्लेंडाच्या दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला.

ग्लेंडाने शिकवायचं कबूल केलं, पण त्याच्या घरात येऊन नाही. त्या टेबलाशी मला बसवणार नाही, असं ती म्हणाली, आणि त्याने आग्रह केला नाही. मग दर रविवारी तोच पुरवण्या घेऊन तिच्याकडे जायचा. एकाच्या जागी चार पेपर घ्यायचे, कारण प्रत्येकात तीच कुपनं पुन्हा मिळतात. कुपनावर माप लिहिलेलं नसेल तर सर्वात लहान पाकिटावर ते लावायचं, म्हणजे कधी कधी वस्तू फुकटही पडते. काउंटरवरची मुलगी नाही म्हणाली तर वाद घालायचा नाही, दुकानाचे छापील नियम खिशात ठेवायचे आणि हसून दाखवायचे. हसायचं कसं तेही ग्लेंडाने करून दाखवलं. "असं नको, तसं हसलास तर ती पोरगी पोलीस बोलवील," ती म्हणाली.

नवशिक्याचं होतं तेच त्याचंही झालं. फुकट मिळतंय म्हटल्यावर त्याला सोडवेना. कुत्रा नसताना त्याने कुत्र्याची बिस्किटं आणली. तान्ह्या मुलांची पावडर आणली. दुकानात त्याच्या मागे रांग लागायची आणि तो एकेक कागद काढून देत राहायचा, मान खाली घालून, कान लाल करून. एकदा मागची बाई त्याला म्हणाली की तुमची बायको नशीबवान आहे हो, माझा नवरा कधी दूधसुद्धा आणत नाही. एल्डनने तिला ग्लेंडाने शिकवलेलं हसून दाखवलं. सामान गाडीत ठेवल्यावर तो गाडी सुरू न करता बराच वेळ बसून राहिला.

ग्लेंडाने आणखी एक नियम सांगितला होता आणि तो दोनदा बजावला होता. नवा माल मागे, जुना पुढे. फळीवर काही ठेवायचं तर आधी जुनं पुढे ओढायचं, नवं त्याच्या मागे सरकवायचं, म्हणजे मुदत संपायच्या आत जुनं खाल्लं जातं. हे ज्याला जमत नाही त्याने कुपनांच्या नादी लागू नये.

एल्डनला ते कळत होतं. पहिल्यांदा सूपचे नवे डबे घेऊन तो तळघरात गेला तेव्हा त्याने जुना डबा पुढे ओढलाही. टोमॅटो सूपचा साधा डबा. तो डोरीनने दुकानातून उचलला होता, गाडीतून आणला होता, इथे ठेवताना त्याचं लेबल समोर येईल असा फिरवला होता. तिची सगळी लेबलं समोर असायची. आता तो पुढे आला की कधीतरी उघडला जाणार, सूप पोटात जाणार आणि डबा कचऱ्यात. त्याने तो परत मागे ढकलला आणि आपले नवे डबे पुढे लावले.

त्यानंतर तो असंच करत गेला. आपलं पुढे, तिचं मागे. मटार, पीच, सगळं. खालच्या दोन फळ्यांवर पुढून बघितलं तर सगळं त्याचंच दिसायचं. मागे काय आहे ते फक्त त्याला ठाऊक होतं. वरच्या फळीला तो हात लावत नसे. तिथे नाश्त्याचं सामान असायचं आणि ते टेसीच लावायची.

घर भरलं, पण जेवण तसंच राहिलं. तो सूप गरम करायचा आणि सिंकपाशी उभ्याने संपवायचा, कारण टेबलाशी बसलं की समोरची खुर्ची दिसायची. टेसी वाडगा घेऊन वर जायची. तो तिला सांगायचा, नवी बिस्किटं आणलीत, तीन तऱ्हेची. ती म्हणायची, बघितली. एवढंच. दिवसभरात त्या घरात कोणाच्या तोंडून डोरीनचं नाव निघत नसे. आपण काढलं तर पोरगी रडेल, म्हणून तो काढत नसे.

मेच्या शेवटी, ज्या सुट्टीच्या सोमवारी लोक कबरींवर फुलं ठेवायला जातात, त्याच्या आदल्या दिवशी जनेल आली. गाडीत तिने रिकामी खोकी आणली होती. एल्डनने ती पाहिली. आधी तळघर दाखवावं असं त्याने ठरवून ठेवलं होतं. त्याने तिला खाली नेलं, दिवा लावला आणि बाजूला उभा राहिला.

जनेल बघतच राहिली. एवढं सगळं तुम्ही आणलंत, असं तिने विचारलं, आणि तिच्या आवाजात खरंच कौतुक होतं. मग तिने रात्रीच्या जेवणासाठी पीचचा डबा घ्यायला हात घातला. ताजा मिळावा म्हणून तिने मागचा घेतला, कारण आईच्या घरात मागचं ते नवं असायचं असंच तिने नेहमी ऐकलेलं. डब्याच्या बुडावरची तारीख वाचून ती थांबली. तिने आणखी एक काढला. मग सूप काढलं. मुदत तिन्हींची महिन्या-दोन महिन्यांपूर्वीच संपलेली.

"बाबा, हे काय आहे?"

जनेल भराभर डबे काढून खाली जमिनीवर ठेवू लागली. नर्सच ती, तिचा आवाज शांत होता, आणि त्या शांतपणानेच त्याला जास्त लागलं. ती म्हणाली, हे असं आहे म्हणूनच टेसी म्हणते ना, खायला काही नाही. एक पोरगी घरात आहे आणि तुम्ही तिला हे खायला घालता? आवाज ऐकून टेसी जिन्यावर येऊन उभी राहिली.

जनेल वरच्या फळीकडे वळली. दुधात घालून खायच्या सीरियलच्या खोक्यांची पुढची रांग तिने बाजूला केली. मागे गव्हाच्या कोंड्याचं सीरियल होतं, तेच ते जे घरात फक्त डोरीन खायची आणि बाकीचे भुसा म्हणायचे. पाच-सहा खोकी, लेबल समोर करून ओळीत लावलेली. एक उघडलेलं होतं. आतली पिशवी दोनदा दुमडून तिला कपड्यांचा लाकडी चिमटा लावलेला होता, डोरीन लावायची तसा.

"आणि हेही," जनेल म्हणाली. "हे तर कोणी खातच नाही."

एल्डनने त्या खोक्यांकडे पाहिलं. ती त्याने ठेवली नव्हती. त्याला वाटलं होतं ती केव्हाच संपली. तो जिन्याकडे वळला. टेसी कठड्याला धरून उभी होती आणि तिची मान खाली होती.

"ती मी ठेवलीत," टेसी म्हणाली. "टाकू नकोस."

"अगं, पण वास येत असेल त्याला."

"येऊ दे. टाकू नकोस, ताई."

जनेलच्या हातात ते उघडं खोकं तसंच राहिलं. एल्डन खाली वाकला आणि जमिनीवरचे डबे उचलून परत फळीवर ठेवू लागला. हे मी ठेवलेत, तो म्हणाला. तारखा मला दिसतात, मी आंधळा नाही. हे तुमच्या आईने आणलेले आहेत. जनेल पायरीवर बसली आणि खोकं तिने मांडीवर घेतलं.

मग टेसी बोलायला लागली, आणि एकदा लागली ती थांबेना. खायला काही नसतं असं ती म्हणाली होती, हो, म्हणाली होती. पण सूप नाही म्हणून नव्हे. संध्याकाळी खाली यावं तर बाबा सिंककडे तोंड करून जेवत असतात. त्यांची पाठ बघत कोण जेवणार? आईचं काही बोलावं तर ते बिस्किटांचं बोलतात. मग ती वर जाते, आणि वर गेलं की भूकच मरते. मला वाटलं, ती म्हणाली, की या घरात तिची आठवण मला एकटीलाच येते.

एल्डनच्या हातात मटारचा डबा होता. तो ठेवायचं त्याला सुचलं नाही.

"मी जाऊ का?" टेसीने विचारलं. "तुम्ही सांगा. ताई नाही, तुम्ही."

गेले तीन महिने याचं एक उत्तर त्याने तयार ठेवलं होतं. तुला बरं वाटेल तसं कर, तुझं शिक्षण महत्त्वाचं, माझं काय, मी राहीन. बापाने असंच बोलायचं असतं अशी त्याची समजूत होती. ते ओठांपर्यंत आलंही.

"नको जाऊस," तो म्हणाला. "तू गेलीस तर मी इथे कोणासाठी आणू?"

टेसीने लगेच हो म्हटलं नाही. ती जनेलच्या शेजारी पायरीवर येऊन बसली. जनेलने नाक पुसलं आणि म्हणाली की ऑगस्टपर्यंत बघू, शाळा सुरू व्हायच्या आधी ठरवू. आणि बाबा, जेवताना बसायचं. एवढं तरी करायचं. टेसी म्हणाली, ऑगस्ट कशाला, मी सांगते तुला, मी नाही येत. पण हे तिने एल्डनकडे न बघता सांगितलं, आणि तिच्या आवाजावरून तिला स्वतःलाही त्याची पूर्ण खात्री नसावी असं वाटलं.

संध्याकाळी जनेलने मॅकरोनी केली, नव्या खोक्यातली. टेबलाभोवती चार खुर्च्या होत्या. एल्डन ताट हातात घेऊन उभा राहिला, आपली जागा कुठली ते ठाऊक असूनही. मग बसला. समोरची खुर्ची रिकामी होती आणि तिच्याकडे न बघता जेवणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने बघितलं. बाहेर कोणीतरी गवत कापत होतं.

"तुमच्या आईला गाडी मागे घेता यायची नाही," एल्डन म्हणाला. "रस्त्याकडची आपलीच पत्रांची पेटी पाडली होती तिने. दोनदा."

तो ताटात बघत राहिला.

"कधी?" टेसीने विचारलं.