सगुणाचा कंदील आणि कण्हेरीवरचा पतंग

मित्रांनो, मी एक म्हातारा पतंग आहे. हसू नका! दोरीवर उडतो तो कागदी पतंग निराळा. मी कण्हेरीवरचा हिरवा पतंग. आमचं म्हातारपण चार दिवसांत येतं.

जयगडच्या खाडीकाठी सगुणाच्या परसात एक कण्हेर होती. तिथं मी अळी म्हणून जन्मलो. तो पाला इतका विषारी, की शेळीसुद्धा तोंड लावत नाही. मी मात्र हावऱ्यासारखा खाल्ला. कुणी डिवचलं की मानेवरचे दोन निळे डोळे वटारायचो. डोळे खोटे, पण पाखरं भ्यायची. मग जवळ येणार कोण? फार एकटं वाटायचं हो!

पुढे मी खाली उतरलो आणि वाळक्या पानांत कोष होऊन पडलो. वैशाखात सगुणा भाजावळीसाठी पातेरा गोळा करू लागली. भात पेरायच्या जमिनीवर तो पाला जाळतात. तिच्या मुठीत पानांबरोबर मीही आलो. मेलो आता! जीव खाऊन शेपूट वळवळवली.

सगुणा थबकली. तिच्या लहानपणी पोरं कोषाला विचारायची, "मुंबई कुठं?" शेपूट वळेल तिकडे मुंबई! तिचा नवरा सखाराम मुंबईलाच गोदीत होता. पावसासाठी आगबोटी बंद व्हायच्या आधी येतो, असं सांगून गेला होता. तिनं मला तळहातावर घेतलं.

"बाबा रे, माझा धनी येतोय काय? दाव."

माझी शेपूट बंदराकडे वळली. खरं सांगू? मला गुदगुल्या झाल्या होत्या. पण ती केवढी हसली! मला पानांसकट पडवीतल्या टोपलीत ठेवलं, आणि रोज तिन्हीसांजेला सखारामसाठी अंगणात कंदील टांगू लागली.

शेवटची आगबोट आली. सखाराम आला नाही.

शेजारच्या आनंदीबाई म्हणाल्या, "टाक गो तो खोटारडा किडा चुलीत!"

"ऱ्हाऊ दे काकू. त्याला काय ठावं? मीच येडी," म्हणत सगुणानं डोळ्यांना पदर लावला. तरी सवयीनं कंदील टांगलाच.

त्याच सांजेला मी कोषातून बाहेर आलो. पंख वाळले, आणि थेट कंदिलाकडे झेपावलो. काचेवर डोकं आपटत राहिलो.

"मरशील रे मेल्या!" सगुणा धावली आणि तिनं कंदील विझवला. सखारामसाठी लावलेला दिवा, माझ्यासाठी विझवला. मी उडून गेलो. ती पायरीवर अंधारात बसून राहिली.

आता माझे पंख विटलेत, दिवस भरत आलेत. मित्रांनो, पातेरा पेटवण्याआधी एकदा हातानं चाळून बघा. आणि एखाद्या अंगणात दिवा दिसला नाही, तर तिथं कुणी कुणाची वाट बघत नाही, असं समजू नका.