जरा चालून आलो

चालण्याच्या यंत्राचा पट्टा थांबला, तरी पैलवानाची छाती भात्यासारखी हलतच राहिली. फिजिओ मॅडम पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत होत्या.

"थांबल्यावर ठोके भराभर खाली यायला हवेत, काका. अटॅकनंतर हृदयाला आवर घालणारी नस ढिली पडते, आतली सूज धुमसत राहते. रोज चाललं की बहुतेकांचं ताळ्यावर येतं. तुमचंच का येत नाही?"

"अहो, हे रोज तासभर चालतात हो!" स्टुलावरून बायको कौतुकानं म्हणाली. "येतात तेव्हा घामानं निथळत असतात."

पैलवानाने मान खाली घातली. सामान वाहणाऱ्या टोळीने त्याला हे नाव दिलं होतं, कारण दोघांचं ओझं तो एकटा पाठीवर घेऊन जिना चढायचा. आता हात हलवत म्हाताऱ्यांमागे बागेत फिरायचं? टोळीतल्या कुणी पाहिलं तर? तो इमारतीमागे पाण्याच्या टाकीआड बसून राहायचा. उठताना नळाचं पाणी तोंडावर, मानेवर मारायचा आणि घरी येऊन म्हणायचा, "जरा चालून आलो."

"मग पुन्हा हृदयापर्यंत नळी घालून बघावं लागेल बहुतेक," मॅडम फोन उचलत म्हणाल्या. "मोठ्या डॉक्टरांशी बोलते."

बायकोचा चेहरा उतरला. "माझ्याच हातच्या जेवणानं बाधलं असेल. मीठ आणखी कमी करते मी. तेलही."

ते मात्र त्याला ऐकवेना.

"मी चाललोच नाही," तो म्हणाला. "एकही दिवस."

"आणि तो घाम?" बायकोने विचारलं.

"नळाचं पाणी."

मॅडमनी फोन खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो बूट घालू लागला, तर तीही चपला घालून दारात उभी.

"तू कशाला?"

"तुमच्यावर विश्वास नाही म्हणून."

तो खाली बघत नाडी बांधू लागला.

रस्त्याच्या वळणावर टोळीचा टेम्पो उभा होता. चौघे जण मिळून एक कपाट उतरवत होते.

"काय पैलवान, हवा खायला निघालात?" एक जण ओरडला.

त्याची कानशिलं तापली. एवढ्याशा चालण्यानं धापही लागली होती, ती लपवता येईना.

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय," तो म्हणाला.

तेवढ्यात कपाट एका बाजूला कललं. त्याचे दोन्ही हात आपसूक पुढे झाले. बायकोने त्याचं कोपर घट्ट धरलं.

कपाट सावरून सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्याने ते सोडवून घेतलं नाही. तिच्या पावलाला पाऊल जुळवत तो हळूहळू पुढे निघाला.