कांद्याच्या चाळीत माणसं

भीमेच्या पुरात वडगाव रासाईतली आमची चार घरं गेली. सोपानरावांची कांदाचाळ तेव्हा रिकामी होती. ते म्हणाले, "ज्ञानू, घर हुईस्तवर ऱ्हावा." वर पत्रा होता, बाजूंना बांबूच्या पट्ट्या. माझ्या बायकोनं, रतननं, वारं लागू नये म्हणून पट्ट्यांना आतून साड्या बांधल्या. शेजारच्या अंकिताचं तान्हं लेकरू तिथं पहिल्यांदा शांत झोपलं.

मग तालुक्याचे साहेब आले.

"जमीन शेतीची आहे. चाळीला मंजुरी कांद्याची. माणसांना राहता येणार नाही."

"ऱ्हात न्हाईत ती, राखणीला हायत," सोपानराव म्हणाले.

"राखण कशाची? कांदा कुठंय?"

रतन म्हणाली, "मग आमालाच कांदा धरा, सायेब. नदीनं सोलून काढलंयच."

साहेबही हसले, पण नियम हसला नाही. चाळीचं अनुदान परत घेऊ, असं सोपानरावांना बजावलं. आम्ही बिऱ्हाडं उचलली आणि गायरानात ताडपत्रीखाली गेलो. खालून ओल, वरून गार वारं. रतनच्या छातीत कफ भरला. शिरूरच्या दवाखान्यात नेली, ती परत आली नाही.

दहावं झालं आणि नवा आदेश निघाला. पूरग्रस्तांना शेतातल्या रिकाम्या चाळी, शेड तात्पुरत्या राहायला चालतील. आम्ही बिऱ्हाडं घेऊन पुन्हा चाळीपाशी आलो, तिथं तेच साहेब सांगायला आले.

"आबा, आता काही अडचण नाही."

मी विचारलं, "जमीन तीच. पत्रा त्योच. मग तवा काय आडवं आलं हुतं?"

"तेव्हा तरतूद नव्हती."

"करायला किती लागलं? एक कागूद. त्यो माझी बायकू मेल्यावर कसा निघाला?"

त्यांनी एक कागद पुढं केला. मग हळूच म्हणाले, "फक्त उन्हाळी कांदा आला की चाळ खाली करावी लागेल. तसं लिहून द्या."

"आन् मग जायचं कुठं?"

"तोवर घरकुलाचं बघू."

"बघू न्हाई. घरं झाली की आमी निघू. तवर कांदा ठिवा गायरानात, ताडपत्रीखाली."

"आबा, कांदा सडेल हो."

"कांद्याचं बरं कळतं तुमाला."

मी सही केली नाही. साहेब सोपानरावांकडं वळले. सोपानराव म्हणाले, "माझ्याकडं काय बघता? कांदा माझा हाय, मी बांधावरच इकून टाकीन. अंकिता, लेकरू घे आत."

अंकिता आत गेली. मागून मी रतनची वळकटी उचलली.