अंधाराची तालीम

पिन बोथट होती. शर्टाचं कापड जाड, कुठल्यातरी लांबच्या शहरातून गाठोड्यात बांधून आलेलं, आणि पिनेचं टोक त्यात शिरायच्या ऐवजी वाकत होतं. मंजुश्रीनं ती दातांत धरून सरळ केली, पुन्हा रुमालाच्या घडीतून घातली, आणि मन्मथच्या छातीवर दाबताना तिच्या बोटांना त्याच्या काळजाची धडधड लागली – इतकी जोरात, की ती क्षणभर थांबलीच.

"बाई, तिथं काय वाटतेत?"

"कुठं?"

"उद्या लातूरला. नाटकात."

"काही वाटत नाहीत रे. नुसतं बघायचं असतं."

मन्मथनं तिच्याकडे अविश्वासानं पाहिलं. भूकंपाला सव्वा वर्ष होऊन गेलं होतं, आणि तेवढ्या काळात ही मुलं ज्या ज्या रांगेत उभी राहिली तिच्या शेवटी काहीतरी होतंच – चादर, बिस्किटं, स्टीलचा डबा. डबा हातात आला की मान वर करायची, कारण समोर कॅमेरा असतो, हेही त्यांना पाठ झालं होतं.

"मग फोटो तरी काढतेत का?"

"काढतील," ती म्हणाली. हे खोटं नव्हतं. तिकिटं लातूरच्या एका क्लासवाल्या सरांनी दिली होती, गाडीही त्यांचीच. फोटो तर निघणारच. लातुरात आता क्लासवाल्यांचेच दिवस होते. निलंग्याची, उदगीरची, पार धर्माबादची पोरं बारावीसाठी तिथं येऊन पडत होती, आणि तिच्या वडिलांनी, महादेवप्पांनी, माडीवरची तिची खोली अशाच तिघांना भाड्यानं दिली होती. गेल्या महिन्यात ती माहेरी गेली तेव्हा तिथं तीन खाटा होत्या, भिंतीवर सूत्रांचे कागद चिकटवलेले होते, आणि तिच्या नवऱ्याची, राजशेखरची, ट्रंक जिन्याखाली होती... वडील म्हणाले होते, "त्या पत्र्यात किती दिवस राहतीस? क्लासला शिकवायला बाया पाहिजेत आता. ये इकडं." ट्रंकेवर कुणीतरी सायकलचा पंप ठेवला होता, तेवढा उचलून तिनं बाजूला ठेवला, आणि दुपारच्या एसटीनं परत आली.

"हात वर कर," ती मन्मथला म्हणाली. "पुढच्यानं यावं."

रुमाल लावून झाले, तेव्हा तिनं मुलांना ओळीनं बसवलं आणि नाटक म्हणजे काय ते सांगायला घेतलं. एक अस्वल आहे, त्याची झोप हरवते, ते सगळ्या जंगलाला विचारत फिरतं... मुलं ऐकत होती. तिला तिचाच आवाज बरा वाटायला लागला होता, कारण तो तिचा नव्हता – हात असे पसरून, भुवया चढवून राजशेखर सांगायचा. जुन्या गावातल्या शाळेत दर वर्षी तो मुलांचं नाटक बसवायचा. अंबाडीच्या दाढ्या, काजळाच्या मिशा, आणि पडद्याला तिचंच लुगडं. एकदा ऐन नाटकात गाठ सुटून लुगडं खाली आलं, तर मागं हा उकिडवा बसलेला, तोंडात शिट्टी... तेव्हा सगळं गाव हसलं होतं. ते सगळं गाव.

"मग घंटा होते," ती घाईनं म्हणाली, "दिवे जातात, पूर्ण अंधार होतो, आणि पडदा –"

"अंधार कशाला करतेत?"

महानंदा होती. गौरम्माची नात, त्या घरात आता त्या दोघीच उरल्या होत्या. आपण होऊन ती कधी बोलायची नाही, म्हणून सगळ्या मुलांनी वळून पाहिलं.

"नाटक नीट दिसावं म्हणून."

"तिथं वर काय हाय बाई? माळवद का पत्रा?"

मंजुश्रीला उत्तर माहीत होतं, आणि जुन्या गावात दगडमातीची माळवदंच कोसळली होती, हेही. "स्लॅब आहे," ती म्हणाली. "पक्का."

मागच्या ओळीतल्या एका मुलानं आपला रुमाल पिनेसकट हळूच काढला आणि पुढं जमिनीवर ठेवला.

मुख्याध्यापक व्यंकटराव दारातून ऐकत होते. उमरीकडचा माणूस, मनानं चांगला, पण त्यांना कशाचीही लवकर व्यवस्था लावायची सवय. "बाई, भिणारी राहू द्या इथंच. बाकीची घेऊन जाऊ. ते लोक तारीख ठरल्यापासून मागं लागून राहिलेत, नाही कसं म्हणायचं?"

"सगळी येतील सर," ती म्हणाली. "मला जरा वर्ग बंद करून द्या."

खिडक्यांचे पत्रे पाडले. फटींवर सतरंज्या टांगल्या. मुलांना तिनं सांगितलं, की ही तालीम आहे. शेजारच्याचा हात धरा. मी शंभर मोजते, मग दार उघडते. आणि दार लावलं.

अंधार झाला. पत्र्याच्या एका भोकातून उन्हाचा धागा येत होता, तोही कुणाच्यातरी डोक्यामागं गेला. एक, दोन, तीन... मन्मथ अस्वलासारखा गुरगुरला, दोघंचौघं हसली. तिला हायसं वाटलं. सव्वा वर्ष ती स्वतः कंदील लावून झोपत होती, हे यांना कुठं ठाऊक होतं! बारा, तेरा... हसू विरलं आणि नुसते श्वास उरले, खूप जवळजवळ.

"बाई, हाईत का तुमी?"

"आहे, महानंदा." वीस, एकवीस...

"बाई, हाईत का?"

"आहे गं."

मग दुसऱ्या कोपऱ्यातून, मग तिसऱ्या – बाई, हाईत का? आणि मंजुश्रीच्या तोंडातला आकडा तिथंच राहिला. कारण केरबा म्हणाला होता... राहुट्यांत, हातांना चिंध्या बांधलेला केरबा, ज्यानं दोन दिवस नुसत्या हातांनी दगड उपसले होते, तो तिच्यासमोर बसून म्हणाला होता, "सर दुपारपर्यंत खालून बोलत होते, बाई." आणि ती उठली होती. त्याला पाणी आणते म्हणून आत गेली होती, आणि तो निघून जाईपर्यंत बाहेर आलीच नव्हती. दुपारपर्यंत. काय बोलत होता राजशेखर? गणपती विसर्जनाला तूच जा लातूरला, उद्या ये, असं त्यानंच म्हटलं होतं. बरं झालं ती गेली, असं म्हणाला असेल... की ती कुठं आहे, विचारलं असेल? की पाणी मागितलं नुसतं? की असंच – हाईत का, हाईत का कुणी – आणि वरून कुणी म्हटलं असेल, हाव सर, हाईत? की म्हटलं नसेल...

"बाई!"

तिला उत्तर द्यायचं होतं. अंधारात काहीतरी सरपटत आलं, तिच्या पायाला लागलं, आणि एका लहान हातानं तिचा पदर मुठीत धरला.

"बाई भ्याल्यात," महानंदानं सगळ्यांना सांगितलं. आवाजात भीती नव्हती. घरात काय घडलंय ते मोठ्यांनी सांगावं, तसं सांगितलं. "गप बसा रे. आम्ही हाव बाई. सगळे हाव."

मुलं खरोखरच गप्प बसली. मन्मथनं पुढचे आकडे मोजायला घेतले, मधले कितीतरी गाळून, आणि शंभर झाल्यावरच दार उघडलं. उजेडात कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. जमिनीवर रुमाल ठेवणाऱ्या मुलानं तो उचलून तिच्या हातात दिला, लावा म्हणून.

संध्याकाळी गौरम्मा नातीला न्यायला आली. "येते म्हणते ही," ती म्हणाली. "आली तर न्या. रडली तर रडू द्या, बाई, थांबवू नका. इथं रडतच न्हाई ती."

त्या दोघी गेल्या, आणि शाळेच्या आवारात केरबा उभा दिसला. मुलांबरोबर वस्तीतला एक जाणता माणूस द्या, असं व्यंकटरावांनी सांगून ठेवलं होतं. रोज तो समोरून आला की ती वाट बदलायची. आज तिनं बदलली नाही.

"उद्या मलाच या म्हणलेत सर," तो लांबूनच म्हणाला. "पण म्हणलं, तुम्हाला इचारावं. तुम्हाला चालत नसंल तर दुसरा कुणी..."

म्हणजे त्याला कळत होतं. सव्वा वर्ष कळत होतं, आणि तोही बोलला नव्हता. त्याच्या उजव्या हाताची दोन नखं पुन्हा आलीच नव्हती. ती त्या बोटांकडे पाहत राहिली.

"या ना," ती म्हणाली. "केरबा मामा, गाडीत माझ्याशेजारी बसा."

त्यानं टोपी काढली, उगीच झटकली, पुन्हा घातली. "मग... त्या दिवशीचं सांगू बाई?"

"माहीत नाही हो मला."

"बरं," केरबा म्हणाला, आणि चालू लागला.

ती पायरीवर बसली. आत जाऊन खिडक्यांच्या सतरंज्या काढायच्या होत्या, डबे भरायचे होते, पण उठवेना. रडू येत होतं आणि तिनं ते नेहमीसारखं गिळलं नाही. नुसतं येऊ दिलं, बघत राहिली. इथून लातूर दीड तासाचा रस्ता. दीड तास फार होतो, तिला वाटलं, एवढा वेळ त्या माणसाशेजारी कसं बसायचं... आणि मग डोळे पुसताना पहिल्यांदाच वाटून गेलं, की कदाचित पुरणार नाही.