उरलेले पाच खण

सुतार विंको ओराझेम हा गोर्निकच्या सुतारी हत्यारांच्या दुकानात शिरला तोच काखेत सांधे कापायचा दातेरी साचा आणि हातात ओकच्या फळ्या घेऊन. मागून बायको तिल्का. लाकडात खाचा कोरायचा विजेचा राउटर घ्यायचा म्हणजे खोक्यावरचं चित्र बघायचं आणि घरी न्यायचा, एवढंच रिबनित्सा गावातल्या सुतारांना ठाऊक. पण विंको म्हणजे विंको!

"मिस्त्री, तुम्ही आणि राउटर?" गोर्निक हसला. "चाळीस वर्षं मशीनला शिव्या घातल्यात की!"

"घातल्या. आता काय काय आहे ते काढ."

खरं कारण त्याच्या उजव्या हातात होतं. हिवाळ्यापासून तो थरथरायचा. गावच्या औषधवाल्याला बारा खणांचं कपाट करून द्यायचं होतं. सात खणांचे डवटेल, म्हणजे दातात दात अडकणारे सांधे विंकोने करवतीने आणि पटाशीने कापले, अगदी चोख. आठव्याला करवत रेघ सोडून पळाली. "राहू द्या, उरलेले कारखान्यातून आणू," औषधवाला म्हणाला, आणि विंकोचं पित्त खवळलं. खण मीच करणार, मग साच्यावर का होईना!

गोर्निकने सगळ्यात दांडगा राउटर काढला. "याच्यापुढे ओक म्हणजे लोणी."

विंकोने साचा टेबलाला आवळला, फळी अडकवली, वर राउटर ठेवला. धूड लगेच एका अंगाला कललं. पातं फिरत असताना असं कललं, तर ते साच्याचेच दात खाऊन टाकणार.

"हे माझ्या बोकांडी बसेल. दुसरा दे."

दुसरा हातात बरा बसला, पण कापून पाहिलेला सांधा सैल आला.

"गोंद भरला की झालं," गोर्निक म्हणाला.

"गोंदानेच धरायचं तर डवटेल कशाला? खिळे ठोक ना!"

सांधा घट्ट करायला पातं केसभर खाली घ्यायला हवं होतं. विंकोने पातं आवळून धरणारी दांडी ढिली केली. हात थरथरला आणि पातं भसकन खाली गेलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. दोन माणसांसमोर त्याला रडूच यायला लागलं.

"मी लावून देतो," गोर्निक हळूच म्हणाला.

"रोज माझ्या घरी येणार आहेस का लावून द्यायला? तो कोपऱ्यातला बारका काढ."

"तो? हौशी लोकांचा आहे, मिस्त्री. ओकमध्ये दमेल."

"मीही दमतो. काढ."

या बारक्याचं पातं स्क्रूने खाली-वर व्हायचं आणि प्रत्येक वळणाला खटका पडायचा. विंकोने फिरवला. खट. हात थरथरत होता, पण स्क्रू खटक्यावरून हलेना. आणखी एक, खट. मग त्याने कोपरं बरगड्यांना टेकवली, आधी फळीच्या कडेने हलकेच एक फेरी मारली, म्हणजे लाकूड उचकटू नये, आणि घाई न करता एकेका दातात शिरला. शेवटी पातं पुरतं थांबल्यावरच राउटर उचलला. दोन्ही फळ्या जोडून वर तळहाताने एक दणका दिला. सांधा बसला.

"विंको," तिल्का म्हणाली, "हव्या तेवढ्या शिव्या घाल मला, पण ऐक. ते पाच खण मी कोचेव्येच्या कारखान्यात करायला टाकलेत. औषधवाल्याला तसं बोलायलाही मीच सांगितलं होतं. तू रोज तो आठवा खण घेऊन कुढत बसायचास, बघवत नव्हतं रे मला."

गोर्निकला एकाएकी मागच्या खोलीत काम आठवलं.

विंको लालबुंद झाला. "तू?"

"मी."

त्याने जोडलेल्या फळ्या तिच्या हातात कोंबल्या. "ओढ."

तिने ओढल्या.

"लटकं नको! जोर लाव!"

तिल्काने एक फळी पायाखाली दाबली आणि दुसरी दात-ओठ खाऊन ओढली. सांधा तसूभर हलला नाही. तिने डोळे पुसले, पिशवीतून फोन काढला आणि तिथेच उभ्या उभ्या कारखान्याला लावला.

"हॅलो, ओराझेम बोलतेय. ते पाच खण नकोत आम्हाला... नाही हो, तुमचं काही चुकलं नाही. आमच्या घरी सुतार आहे."