रविवारची बैठक

आमच्या घरात उजेड सकाळी अकरापर्यंतच. नंतरही असतो म्हणा, पण तो समोरच्या बिल्डिंगच्या पिवळ्या भिंतीवर आपटून आत येतो, आणि आमचे चित्रकार म्हणतात, त्या उजेडात चांगला माणूसही काविळीचा पेशंट दिसतो. बदलापूरला ब्लॉक घेताना लोक पाणी बघतात, स्टेशन किती लांब ते बघतात. यांनी खिडकी बघितली. "उत्तरेची आहे, घेऊन टाकू." मग पाण्याच्या बादल्या घेऊन दोन मजले मी चढतेय, त्याचं काय?

हे म्हणजे हिरामण, माझे मिस्टर. आठवड्याचे सहा दिवस उल्हासनगरला एका फ्रेमवाल्या शेठकडे मेलेल्या माणसांची चित्रं काढतात. लोक लहानसा फोटो आणून देतात, हे त्यावरून मोठं रंगीत चित्र करतात, शेठ काच बसवून देतो, घरचे हार घालतात. सातवा दिवस यांचा स्वतःचा. त्या दिवशी ते जिवंत माणूस रंगवतात. ते जिवंत माणूस म्हणजे मी, शालन. दुसरं कोण फुकट तीन तास बसणार?

मी अंबरनाथच्या एका शाळेत संगीत शिकवते. संगीत कसलं डोंबल! साठ-साठ पोरांचे सहा वर्ग, प्रार्थना आणि समूहगीतं. त्यांच्यावर ओरडून शनिवारपर्यंत माझा गळा बसतो. संध्याकाळी घरी पेटीच्या शिकवण्या. झोपून उठल्यावर आवाज जरा मोकळा होतो तो रविवारी सकाळी. म्हणजे बघा, यांचा उजेड आणि माझा गळा, दोन्ही एकाच वेळेला उघडणार आणि एकाच वेळेला बंद होणार. साडेअकराला वरच्या कौसाबाईंचा टीव्ही सुरू होतो, मग सूर लावायचा प्रश्नच मिटला.

माझे वडील धोंडिबा गायन पार्टी चालवायचे. आठव्या वर्षी मी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या ट्रकवर उभी राहून गायले, माइक माझ्यापेक्षा उंच होता. पुढे त्यांनी मला उल्हासनगर कॅम्पातल्या एका बाईंकडे शास्त्रीय शिकायला घातलं. तेव्हापासून मला रेडिओवर गायचंय. वडिलांसाठी वगैरे नाही, माझ्यासाठी. ट्रकवरचं गाणं ट्रकबरोबर पुढे निघून जातं. रेडिओवर एकदा नाव घेतलं की घेतलं.

एकोणनव्वद सालच्या जुलैत रेडिओचं पत्र आलं. चोवीस ऑगस्टला ऑडिशन. मी कॅलेंडरवर रविवार मोजले, सहा निघाले. पत्र यांच्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "हे सहा रविवार माझे."

"अगं घे की! विचारतेस काय?" खरंच खूश झाले हो. शेजारी पेढे वाटून आले. मग जेवताना हळूच म्हणाले, "राज्याच्या प्रदर्शनाची तारीख एकतीस ऑगस्ट आहे. तेवढी एक बैठक दे. चेहऱ्याचा अंदाज आला की तू सुटलीस."

दिली. पुढच्या रविवारी म्हणाले, चेहरा अर्धा झालाय, आता सोडला तर रंग मरेल. तिसऱ्या रविवारी हात राहिले होते. तानपुरा धरलेले हात म्हणे नुसत्या आठवणीतून निघत नाहीत. मी चिडायचे, भांडी आपटायचे, आणि आठ वाजता जाऊन स्टुलावर बसायचे. का बसायचे? खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचंही. आख्ख्या आठवड्यात माझ्याकडे कुणी तीन तास सलग बघत नाही. पोरं घड्याळाकडे बघतात, हेडमास्तर मस्टरकडे. हा माणूस माझ्या गालाच्या हाडाकडे असा बघतो की मी बाई असल्याचं मला आठवतं. मीच मला फसवत होते, दुसरं काय.

चौथ्या रविवारी मी बसल्या बसल्या गुणगुणायला लागले. म्हटलं, दोघांचंही होईल.

"शालन, गळ्याची शीर हलतेय."

"मग हलणारच! गळा आहे तो, खांब नाही."

"पाच मिनिटं गं."

मी गप्प बसले. त्या पाच मिनिटांचे अकरा वाजले.

सहावा रविवार उजाडला. ऑडिशनला चार दिवस. प्रदर्शनाला जुनी दोन चित्रंही पाठवायची म्हणून यांनी मला पलंगाखालचा गठ्ठा काढायला लावला. मी चौदा चित्रं भिंतीला लावून ठेवली. चौदाही माझीच. कुठे तानपुरा, कुठे पेटी, एका चित्रात तर वीणा. वीणा आमच्या घरात कधी आली नाही! मला हसू आलं. मग हसू गेलं. चौदापैकी एकाही चित्रात माझं तोंड उघडं नव्हतं. बाई वाद्य घेऊन बसलीय, आणि गात कुठेच नाहीये.

"अहो, यातली एक तरी गाते का?"

ते बघत राहिले. त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"आज मला गाताना काढा," मी म्हणाले. "मी आ लावते. तुम्ही काढा."

तानपुरा जुळवला, षड्ज लावला आणि तोंड पूर्ण उघडून गायले. पाच रविवारांनंतर पहिल्यांदा. आवाज जरा खरखरला, पण लागला. त्यांनी कोळसा घेतला, काढलं, फडक्याने पुसलं. पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा कागदच फाटला.

"नाही जमत मला," ते म्हणाले. "दात दिसले की चेहरा एकदम हसतो, नाहीतर बोंब मारतो. गात नाही."

"कॉलेजात शिकलात ना?"

"तेव्हा येत होतं." कोळसा ठेवून ते खाली फरशीवर बसले. "नऊ वर्षं शेठकडे आहे. लोक लग्नातले फोटो आणतात, पिकनिकचे आणतात. माणूस खदखदा हसत असतो. शेठ म्हणतो, मास्टर, बाबा का मुँह बंद कर दो, हार के नीचे अच्छा नहीं दिखता. मी बंद करतो. नऊ वर्षं तेच, शालन. आता हात आपोआप बंद करतो."

मला रडू आलं. त्यांच्यासाठी आलं की माझ्यासाठी, ते सांगता येणार नाही. आणि रागही इतका आला की मी लग्नानंतर पहिल्यांदा त्यांना एकेरीत बोलले. म्हणाले, "हिरामण, मी अजून मेले नाहीये रे!"

मी तानपुरा घेऊन आतल्या खोलीत गेले आणि कौसाबाईंचा टीव्ही लागेपर्यंत गायले. हाक नाही मारली त्यांनी. तेवढी त्यांची माणुसकी.

चोवीस तारखेला रजा टाकून मी मुंबईला गेले. स्टुडिओतली खोली थंड होती, भिंती गादीसारख्या. तबलेवाल्यांनी विचारलं, पट्टी कुठली? म्हटलं, काळी चार. मी बसले, तानपुरा खांद्याला लावला. समोर मोठी काच, काचेपलीकडे तीन माणसं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि लाल दिवा लागला.

आणि मी बसूनच राहिले.

मला कळत होतं की सुरू करायचंय. पहिली ओळ डोक्यात उभी होती. पण समोरून कुणीतरी टक लावून बघतंय म्हटल्यावर माझी हनुवटी आपोआप जरा वर गेली, मान डावीकडे कलली, डावा हात मांडीवर ठेवलेला राहिला आणि ओठ मिटले. किती वेळ, देव जाणे. स्पीकरमधून आवाज आला, "बाई, सुरू करा." तबलेवाले माझ्याकडे वाकून म्हणाले, "ताई, काय होतंय?"

मग गायले. गायले म्हणजे सूर लावले. अंग लाकडासारखं होतं, आवाज वरच्या षड्जाला जाऊन अडकला, तिथून हलेना. मधेच लाल दिवा बंद झाला. "धन्यवाद, पत्राने कळवू." मला पत्राची गरज नव्हती.

घरी आले तर हे दारातच उभे. "कसं झालं?"

"बसले छान," मी म्हणाले. "हलले नाही अजिबात."

त्यांना लगेच समजलं. तसे ते समजूतदार आहेत, तोच तर त्रास आहे. दुष्ट असते तर मी केव्हाच माहेरी गेले असते. त्या रात्री जेवले नाहीत.

रविवारी सत्तावीस तारीख होती. चित्र द्यायला चार दिवस राहिलेले. त्यांनी मला बोलावलं नाही, स्टूलही मांडलं नाही, नुसते रंग मिसळत बसले. मीच स्टूल ओढलं. आता निदान एकाचं तरी होऊ दे, म्हटलं. त्यांनी चेहरा पुरा केला, हात पुरे केले, पदर पुरा केला. तोंडाची जागा मात्र कोरी ठेवली होती. दहा वाजले, साडेदहा वाजले. ते त्या कोऱ्या जागेसमोर ब्रश धरून उभे होते आणि मी श्वास रोखून बघत होते. मनात म्हणत होते, उघड, बाबा, एकदा उघड.

अकराला दहा मिनिटं कमी असताना त्यांनी ओठ रंगवले. मिटलेले. फार सुंदर रंगवले.